इंटरनेटचं वजनमाप

मला मापात कुणी फसवू शकत नाही. ही बढाई नव्हे, नोकरीचा परिणाम आहे. एकतीस वर्षं मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. मी दुकानाच्या पायरीवर पाऊल ठेवलं की आतल्या दुकानदाराचा अंगठा तराजूवरून आपोआप उचलला जायचा. पेट्रोल पंपावर गाडीतून माझं पाच लिटरचं माप खाली उतरलं की तिथल्या मॅनेजरला एकदम माझ्या तब्येतीची काळजी वाटायला लागायची. पाच लिटर भरून घ्यायचे, काठावरची खूण बघायची, नोंद करायची, पेट्रोल परत टाकीत ओतायचं. असं तीनदा. निवृत्त झालो तेव्हा खात्यानं मला एक स्टॉपवॉच भेट दिलं. ते कायम माझ्या खिशात असतं. आमची लिफ्ट चौथ्या मजल्यावरून किती सेकंदांत खाली येते, हे कुणीही मला केव्हाही विचारावं. अजून कुणी विचारलेलं नाही.

घरातलं प्रत्येक माप मी तपासलेलं आहे. नापास झाली ती फक्त बायकोची शिवणाची टेप. वापरून वापरून ती मीटरमागे तीन मिलिमीटर लांबली आहे. मी तसं लेखी कळवलं होतं. ती म्हणाली, "अहो, तीन मिलिमीटर मी कापडात सांभाळून घेते. तुम्ही तुमचं बघा."

अशा माणसाला एखादी इंटरनेट कंपनी काय फसवणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं.

बायकोचं बाजाराच्या मागच्या गल्लीत छोटं दुकान आहे. पँट आखूड करणं, चेन बदलणं, कोटाचं अस्तर नव्यानं लावणं, अशी कामं ती पंचवीस वर्षं करते आहे. माझी मोठी बहीण, म्हणजे आमची ताई, या सगळ्याला 'उसवाउसवी' म्हणते. ताई मनानं वाईट नाही. पण ती आमच्याकडे येते ती एक पिशवी घेऊनच. त्या पिशवीत काहीतरी आखूड करायचं असतं आणि ते बायकोच्या हातात देताना ती म्हणते, "तुझं काय, दोन मिनिटांचं काम." दोन मिनिटांचं नसतं. चाळीस लागतात, मी मोजलेली आहेत. बायको कधी काही बोलत नाही. पिशवी घेते आणि मशीनला दोरा ओवते. मला ते पंचवीस वर्षं खुपतं आहे, पण ताईपुढे माझं तोंड उघडत नाही. ती मला शाळेत सोडायला यायची.

गेल्या वर्षी बायकोच्या दुकानात एक बाई आली. एका जुन्या बँडपथकावर मालिका निघत होती आणि त्या बाईकडे पोशाखांचं काम होतं. पथकात बेचाळीस वादक. त्यांचे बेचाळीस नवे कोरे कोट हवे होते, आणि तेच बेचाळीस वीस वर्षं वापरल्यासारखे विटलेलेही हवे होते. बायकोनं चार महिन्यांत चौऱ्याऐंशी कोट शिवले. प्रत्येकाला नऊ पितळी बटणं, सगळी हातानं लावलेली. एकूण सातशे छप्पन्न. कोट नवा शिवणं एक वेळ सोपं, म्हणाली, पण आपणच शिवलेला कोट दगडावर घासून जुना करणं जिवावर येतं.

मालिका एका स्ट्रीमिंग कंपनीनं आणली होती. आठ भाग, दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता. त्या बाईनं मुद्दाम फोन करून सांगितलं, की शेवटच्या भागात सगळ्या कारागिरांची नावं येणार आहेत. पोशाख विभागात चौथी ओळ आमची.

फोन ठेवून बायको बराच वेळ टेप गुंडाळत बसली. मग सहज विचारल्यासारखं म्हणाली, "शेवटच्या रविवारी ताईंना बोलवू या का?"

त्यात सहज काही नव्हतं. मी ताईला लगेच फोन केला.

सहावा भाग होता महिन्याच्या एक तारखेला. बँडमास्तरनं तुतारी ओठाला लावली, गाल फुगवले आणि तसाच थांबला. वर ती पांढरी चकती गोल फिरायला लागली. एक मिनिट दहा सेकंद त्याचे गाल फुगलेले होते. मग चित्र सुरू झालं, पण पुसट. पडद्याखाली अक्षरं आली: 'आपल्या इंटरनेट कंपनीच्या मार्गावर सध्या गर्दी आहे.'

"शेवटच्या दिवशी असं झालं तर?" बायको म्हणाली. "नावाची अक्षरं बारीक असतात."

"होणार नाही," मी म्हणालो. "मी आहे ना."

सोमवारी मी इंटरनेट कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. "सर, आमच्या ऑफिसपासून तुमच्या घरापर्यंत लाइन एकदम मोकळी आहे. माल त्यांच्याकडूनच कमी येतोय."

मग स्ट्रीमिंग कंपनीला लावला. तिथला मुलगा त्याहून गोड. "सर, आम्ही तर भरभरून पाठवतो. ते लोक त्यांच्या दारात अडवून ठेवतात. त्यांना आमच्याकडून वेगळं भाडं हवंय."

पुन्हा इंटरनेटवाली. "सर, अर्धं शहर संध्याकाळी त्यांचीच मालिका बघतं. एवढा माल वाहायचा आम्ही आणि नाव त्यांचं?"

पेपर उघडला तर दोन महिने हेच चाललेलं. एकानं दुसऱ्याला नोटीस दिली होती, दुसऱ्यानं पहिल्याला वेगाच्या यादीत शेवटचा नंबर देऊन तशी जाहिरात केली होती. मला मात्र एकदम घरी आल्यासारखं वाटलं. डेअरी म्हणते कॅन भरून दिला, दुकानदार म्हणतो कमीच आला. असे खटले मी शेकड्यानं मिटवले आहेत. त्यावर इलाज एकच. दोघांचंही ऐकायचं नाही. माल जिथे उतरतो तिथे माप लावायचं, एकापेक्षा जास्त काट्यांवर मोजायचं आणि पुन्हा पुन्हा मोजायचं.

माल उतरत होता माझ्या घरात. मंगळवारी सकाळी मी काटे जमवले. माझा फोन, बायकोचा जुना फोन, लॅपटॉप आणि लेकीनं नोकरीच्या गावी जाताना मागे ठेवलेला टॅब. इंटरनेटचा वेग मोजणारं एक अॅप असतं. बटण दाबलं की काटा सर्रकन वर जातो आणि आकडा दाखवतो. त्यात एक फार चांगली सोय होती, की दर पाच मिनिटांनी ते आपणहून मोजतं. चारही काट्यांवर मी ती सोय चालू केली. दिवसरात्र. मग एक जाड वही आणली, रकाने आखले आणि वर तारीख घातली. निवृत्तीनंतर इतकी शांत झोप मला पहिल्यांदाच लागली.

पहिल्या दिवशी वेग शंभर होता. चार दिवस शंभराच्या आसपास राहिला. सातव्या तारखेला दुपारी तो दोनवर आला.

दोन! मी खुर्चीतून उठलोच. गुन्हेगार रंगेहाथ सापडला होता. मी चारही काटे तपासले. चौघांचीही साक्ष एकच.

रविवारी सातवा भाग लागला तो दलदलीत लागल्यासारखा. कोणता वादक कोणता, कळेना. बायकोनं दगडावर घासून जुने केलेले कोट आणि नवे कोट सारखेच दिसत होते.

"अहो, हे आणखी बिघडलंय," ती म्हणाली.

"बिघडू दे. पुरावा भक्कम होतोय."

तिनं टीव्हीचा आवाज बंद केला. मग म्हणाली, "मला पुरावा नकोय हो. नाव दिसायला हवंय."

मी तिला म्हटलं, पुराव्यातूनच नाव दिसेल. हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

सोमवारी वहीच्या चौदा पानांच्या प्रती काढून दोन्ही कंपन्यांना पाठवल्या, सही-शिक्क्यासह. शिक्का जुना होता, पण शाई नवी भरली. इंटरनेट कंपनीकडून 'आपली तक्रार नोंदवली आहे' एवढंच आलं. स्ट्रीमिंग कंपनीला मात्र हर्ष झाला. बुधवारी पेपरात त्यांचं निवेदन आलं, की एका निवृत्त वजनमापे अधिकाऱ्याच्या काटेकोर नोंदींवरून इंटरनेट कंपनीचा वेग शंभरावरून दोनवर घसरल्याचं सिद्ध होतं. मी ते कात्रण कापून फ्रिजवर लावलं. ताईला फोन करून वाचून दाखवलं. ताई म्हणाली, "तुझं नाव कुठंय त्यात?" मी म्हटलं, रविवारी नावं बघायला येतेच आहेस, तेव्हा बघ.

गुरुवारी भलतंच झालं. दोन्ही कंपन्यांनी समझोता केला. पेपरात फोटो, दोघं साहेब एकमेकांचा हात धरून हसताहेत. आजपासून सगळ्यांना पूर्ण वेग.

मी वहीत बघितलं. दोन.

शुक्रवारी पुन्हा दोन. जिन्यात समोरच्या दारातले दातांचे डॉक्टर भेटले. त्यांची कंपनी तीच, मालिकाही तीच बघतात. "आमचं कालपासून झकास चालतंय," ते म्हणाले. "तुमच्यामुळेच मिटलं म्हणायचं हे भांडण."

मी हसलो, पण डोक्यात चक्र फिरायला लागलं. भिंतीला भिंत लागून. त्यांना शंभर, आम्हाला दोन. आमचे अठ्ठ्याण्णव जातात कुठे? घरात येऊन मी बायकोला हळूच म्हणालो, "डॉक्टर आपली लाइन ओढतात."

"डॉक्टर?" ती म्हणाली. "ते दुसऱ्याचा पेपरसुद्धा विचारल्याशिवाय उघडत नाहीत."

तरी शनिवारी मी त्यांना जिन्यात गाठून विचारलंच, की तुम्ही नक्की कुणाची लाइन वापरता. त्यांनी पेशंटच्या उघड्या तोंडात बघावं तसं माझ्याकडे बघितलं आणि "माझीच," म्हणाले.

रविवार उजाडला. बायकोनं दुपारपासून घर आवरलं. ठेवणीतला कोट घातला, तिनं स्वतःसाठी शिवलेला एकुलता एक. साडेचारला ताई आली. हातात पिशवी होतीच.

"दोन पँट आहेत," ताई म्हणाली. "मालिका बघता बघता होऊन जाईल. तुझं काय, दोन—"

"ताई, आधी तुझा फोन दे," मी म्हणालो. पाहुण्यांचा काटा म्हणजे तटस्थ साक्षीदार. आजचा दिवस निर्णायक होता. बायको नेहमी वापरते तो फोनही घेतला. सहा काटे झाले, आणि पाच मिनिटांऐवजी मी सगळ्यांवर दर एक मिनिट लावलं.

पाच वाजता मालिका सुरू झाली आणि थांबली. सुरू झाली, पुन्हा थांबली. पडद्यावर तपकिरी डाग हलत होते.

"हे काय आहे?" ताईनं विचारलं.

"कोट," बायको म्हणाली.

"मला पोती वाटली."

बायकोनं खाली मान घालून ताईची पिशवी जवळ ओढली आणि दोरा शोधायला लागली. अख्ख्या नोकरीत मला कुणाचा इतका राग आला नव्हता, आणि तो कुणावर काढावा हेच कळत नव्हतं.

सव्वापाचला बेल वाजली. दारात इंटरनेट कंपनीचा तंत्रज्ञ, गळ्यात ओळखपत्र, हातात पाकीट. "साहेब, तुमच्यासाठी पत्र. दोन्ही कंपन्यांनी मिळून काढलंय. समझोत्यानंतरचं त्यांचं पहिलंच."

पत्रावर खरोखरच दोन सह्या होत्या. गुरुवारपासून सगळ्या शहराचा वेग सुरळीत झाला असून एकच घर शिल्लक आहे, तरी त्या घराची पाहणी करू द्यावी, ही विनंती.

"या," मी म्हणालो. "बरं झालं आलात. मी तुम्हाला चोर दाखवतो."

ताईनं कान टवकारले. तंत्रज्ञानं कोपऱ्यातल्या राउटरजवळ बैठक मारली, आपल्या लॅपटॉपवर काहीतरी उघडलं. मग म्हणाला, "साहेब, तुमच्या प्लॅनमध्ये पूर्ण वेगानं महिन्याला एक हजार जीबी मिळतात. ते संपले की वेग दोनवर येतो. तुमचे सात तारखेलाच संपलेत."

"एक हजार? आम्ही दोघं माणसं आणि आठवड्यातून एक मालिका! म्हणजे चोरी झालीच."

"कुणी वापरले त्याची यादी निघते."

"काढा," मी म्हणालो आणि ताईकडे बघितलं. "ऐक हं, आता समोरच्याचं नाव निघेल."

तो वाचायला लागला. एक फोन. कंपनी, मॉडेल. तो माझा होता. आणखी एक फोन, जुना. तो बायकोचा. लॅपटॉप. टॅब. "हे चारही तीन तारखेपासून अखंड चालू आहेत. आणि आज साडेचारला आणखी दोन जोडलेत. त्यातला एक गुलाबी कव्हरवाला असेल, नावच तसं दिलंय."

"तो माझा," ताई म्हणाली.

"या सगळ्यांवर एवढं डाउनलोड काय करताय?"

"काहीच नाही," मी म्हणालो. "मोजतोय."

तंत्रज्ञानं लॅपटॉप मांडीवरून खाली ठेवला. "साहेब, वेग मोजायचा म्हणजे लाइन पूर्ण भरून बघायची, किती येतंय ते. त्यात तेवढा डेटा जातो. चार ठिकाणी, दर पाच मिनिटांनी, म्हणजे दिवसाला अकराशे बावन्न वेळा. तुमचं सगळं इंटरनेट मोजण्यात गेलं."

"पण मोजलेलं परत ओततात ना?" मी म्हणालो. "पंपावर आम्ही मोजून झालं की पेट्रोल परत टाकीत ओततो."

"इथे परत ओतता येत नाही, साहेब."

सहाही फोन-बिन एका मिनिटानं पुन्हा जागे झाले आणि मोजायला लागले. सहा काटे सर्रकन वर गेले आणि दोनवर येऊन थांबले. एकतीस वर्षांत मला चोर पकडून इतकं वाईट वाटलं नव्हतं.

बायकोनं भिंतीवरचं घड्याळ बघितलं. वीस मिनिटं उरली होती. तिनं पिशवी बाजूला ठेवली, उठली, दार उघडलं आणि समोरची बेल दाबली. "डॉक्टर, आम्ही चार माणसं आहोत. शेवटचा भाग तुमच्याकडे बघितला तर चालेल?"

डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीतच दवाखाना आहे. पेशंट थांबतात तिथे भिंतीवर मोठा टीव्ही. त्यांनी खुर्च्या ओढल्या, तंत्रज्ञालासुद्धा दिली. ताई आपली पिशवी उचलूनच आली होती. मला जागा उरली ती दात काढायच्या खुर्चीत, आणि ती मला योग्यच वाटली. डॉक्टर जाता जाता म्हणाले, "लाइन माझीच आहे हं." मी मान डोलावली.

चित्र असं स्वच्छ होतं की बटणं मोजता आली असती. बँडपथक शेवटचं वाजवत गावातून निघालं होतं. म्हाताऱ्या झालेल्या वादकांनी तेच कोट घातले होते, कोपरांवर विरलेले, खांद्यावर उन्हानं उडालेले. कॅमेरा जवळ गेला. ताई पुढे सरकली.

"ही बटणं हातानं लावलीत?"

"हो," बायको म्हणाली.

"सगळी?"

"सातशे छप्पन्न," मी खुर्चीतून म्हणालो. कुणी माझ्याकडे बघितलं नाही.

ताईनं मांडीवरची पिशवी हळूच खुर्चीखाली सरकवली.

संगीत थांबलं आणि नावं सुरू झाली. नट, लेखक, प्रकाशयोजना. बायकोनं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले. माझा हात खिशात गेला. हे नाव किती वेळ पडद्यावर राहतं, ते पुढे कुणी विचारलं तर नेमकं सांगता यायला हवं. कोट शिवायला चार महिने. नावाला किती, हे बघायलाच हवं होतं. पोशाख विभाग आला. पहिली ओळ. दुसरी. मी अंगठा बटणावर ठेवला. चौथी ओळ वर आली तसं दाबलं, ती गेली तसं पुन्हा दाबलं. अचूक.

खोलीत एकदम गलका झाला. तंत्रज्ञानं टाळ्या वाजवल्या. डॉक्टर म्हणाले, वा, वा. ताई उठली, बायकोच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "कोटाची बाही छान बसलीय गं तुझी." ताईच्या तोंडून हे म्हणजे पदकच. पण बायकोनं मान वळवली ती माझ्याकडे. पंचवीस वर्षांत मी तिचा चेहरा इतका उजळलेला बघितला नव्हता.

"वाचलंत?" तिनं विचारलं.

"तीन पूर्णांक चार सेकंद," मी म्हणालो.

तिनं माझ्या हाताकडे बघितलं. मीही बघितलं. स्टॉपवॉच अजून तसंच समोर धरलेलं होतं.

"म्हणजे तुम्ही ह्याच्याकडे बघत होतात."

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. तिनं उठून माझ्या हातातून ते काढून घेतलं, आपल्या कोटाच्या खिशात टाकलं आणि खिशाचं बटण लावलं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "जरा मागे घेता का? ह्यांचं वाचायचं राहिलंय."

डॉक्टरांनी मागे घेतलं. पुन्हा संगीत, पुन्हा नट, पुन्हा लेखक. चौथी ओळ आली. आधी तिचं नाव, मग आमचं आडनाव, एक वेलांटीही चुकलेली नव्हती. मी ते सगळं वाचलं. या वेळी ते किती सेकंद होतं, ते मला सांगता येणार नाही. तीन पूर्णांक चारपेक्षा जास्त होतं, असं माझं मत आहे. नोंद मात्र नाही.